अरोवानाला वळायला जागा

जळगावच्या वैशाखी दुपारी सारे पडदे ओढून घेतले की आमच्या बैठकीच्या खोलीत एक हिरवट, ओलसर अंधार उतरतो, आणि त्या अंधारात काचेच्या टाकीतला अरोवाना मासा आपले रुपेरी खवले उजळीत संथपणे तरंगत राहतो. बाहेर रस्ते भाजत असतात, कूलर घरघरत असतो. आत मात्र कुठल्याशा अनाम नदीचं स्वप्न चाललेलं! त्या स्वप्नासमोर खुर्ची टाकून माझे वडील, आबा, तासन्‌तास बसतात. दोघांतलं कोण कोणाला न्याहाळतंय, हे मला अजून कळलेलं नाही.

मासा बोटाएवढा होता तेव्हा आमच्या यांनी हौसेनं आणला होता. जात शिकारी, बघता बघता हातभर झाला. आबांचं येणंही त्याच सुमाराचं. आई गेली आणि पारोळ्याकडच्या गावी एकटे उरलेल्या आबांना मी अक्षरशः ओढून आणलं. पण आमच्याकडची जुनी माणसं! लेकीच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना जड जातं. रोज सकाळी चहाची बशी खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "माय, मी जास वं आते गावले." मी हसून टाळायचे. त्या रिकाम्या घरात त्यांना जेवलात का म्हणून विचारणारं तरी कोण होतं?

त्यांना थांबवलं ते या माशानं. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये आबा त्याच्यासाठी नाकतोडे धरू लागले. कपाशीवरच्या किड्यांशी जन्मभर उभा दावा मांडलेला माणूस आता नाकतोडा सापडला की लहान मुलासारखा हरखायचा! मासा झेप घेऊन तो गट्ट करी, आणि आबा मिशीत हसत.

पण टाकी अपुरी पडू लागली. वळताना तो बिचारा अंगाची पार घडी करी. दुकानदारानं स्पष्ट सांगितलं, मोठी टाकी घ्या, नाहीतर मासा परत आणून द्या. पाठ वाकडी होईल त्याची. आज मासा जाईल, उद्या आबा. टाकी निवडायला आम्ही निघालो ते हे भय घेऊनच.

दुकानात निळ्या दिव्यांच्या कितीतरी टाक्या झगमगत होत्या. मला एक उंच, देखणी टाकी भावली. आमच्या भिंतीला ती शोभली असती. आबांनी मात्र हात पसरून तिची रुंदी मापली आणि मान हलवली. "उंचाई काय करस? त्याले वळाले जागा जोयजे. बैलले बी बांधवर जागा ठेवतस आपन." खरंच की! घरं सजवताना आपण भिंतीची शोभा पाहतो. आतल्या जिवाला वळता येतं का, हे कोण पाहतं? आबांची रुंद टाकी ठरली.

स्टँडचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. वेल्डरच्या दुकानात रोज जाऊन बसले, आणि जाड लोखंडी अँगलचं असं दणकट स्टँड करून आणलं की त्यावर हत्ती उभा राहावा! टाकी चढली, पाणी भरू लागलं. आणि पाहतो तो काय, पाण्याची रेघ काचेवर तिरपी! एका अंगाला पाणी बोटभर वर. स्टँडची एक बाजू आबांनी मुद्दाम खाली ठेवून घेतली होती. "पानीले उतार लागस ना!" ते भाबडेपणानं म्हणाले. वाफ्यावाफ्यातून ज्यानं आयुष्यभर पाणी पुढे खेळवलं, त्याला पाणी एका जागी थांबवायचंही असतं हे कसं सुचावं?

दुकानदाराला फोन लावला तर तो ओरडलाच, "आधी रिकामी करा, काचेचा सांधा उलेल!" टाकी उपसताना आबांचा चेहरा इतका उतरला की बघवेना. "मी काही कामना नही आठे. सकाय मले बसमा बसाडी दे," ते पुटपुटले. तेवढ्यात एरवी मितभाषी असलेले आमचे हे म्हणाले, "आबा, तुम्ही गेलात तर हे सरळ कोण करणार? मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही!" ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

 आबा उठले. गवंडी पातळी मापायला वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्यानं भरून तिचं एक टोक यांच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं. वेल्डरला बोलावून स्टँडच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या बसवल्या. दोन्ही टोकांचं पाणी स्टँडच्या कडेशी बरोबर जुळेतो त्यांनी कुणाला चहासुद्धा घेऊ दिला नाही.

नव्या पाण्यात मासा आधी कोपऱ्यात रुसून राहिला. मग सावकाश निघाला, काचेलगत सरकत पार टोकाला गेला आणि अंग न मुडपता, सबंधच्या सबंध, अलगद वळला. "वळला!" मी ओरडलेच.

संध्याकाळी गावाहून नानांचा, आबांच्या धाकट्या भावाचा, फोन आला. आबांचा फोन नेहमी स्पीकरवर. मी स्वयंपाकघरात भाजी परतत उभी, कान तिकडेच.

"भाऊ, कपाशी लावाले कधी येस?"

"तूच लाव रे. आठे मना मांगे काम शे."

"पन पोरगीना घर आखो कितला दिन ऱ्हाशी?"

"पोरगीना घर काय म्हनस? मी मना घरच शे."

मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून पोटभर रडले.