साडूभाऊंचे ब्रश

भिवंडी तालुक्यात अशी एकही वस्तू उरलेली नाही, जिचा माझ्या साडूंनी ब्रश केलेला नाही. हे वाक्य वाचून तुमच्या डोळ्यांपुढे रंगाऱ्याचं दुकान आलं असेल, तर ते पुसून टाका. साडूभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान, खऱ्या ब्रशाच्या वाटेला कधी गेले नाहीत. घराला रंग द्यायचा विषय निघाला की त्यांची पाठ धरायची. त्यांचे ब्रश कॉम्प्युटरमधले. बाजारात खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आणि वर त्यांचा फोटो स्टुडिओ, अशी जागा होती. दोन हजार सालानंतर कधीतरी तिथे फोटोशॉप आलं आणि साडूभाऊंना शोध लागला, की पांढऱ्या कागदावर कोणतीही वस्तू ठेवून स्कॅन केली की तिच्या ठशाचा ब्रश बनवता येतो. माउस एकदा दाबला की एक ठसा, दाबून ओढला की ठशांची रांग. झालं! पोराच्या हाती रबरी शिक्का लागला की भिंती, वह्या, धाकट्या भावाचं कपाळ काही सुटत नाही, तसं त्या दिवसापासून भिवंडीचं झालं.

आधी झाडांची पानं झाली. मग ताईंच्या बांगड्या, चकलीचा सोऱ्या, देवघरातली वात, लूमभोवती उडणारे कापसाचे तंतू. एकदा गेलो तर स्कॅनरच्या काचेवर चक्क सुका बोंबील आडवा पडलेला. "मास्तर, याची शेपटी बघा ना, कशी निमुळती हाय," साडूभाऊ म्हणाले. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे आणि माझ्या मताला काडीची किंमत द्यायचे नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांनी बनवलेल्या, अंजूरच्या एका लग्नातल्या हळदीच्या बॅनरला चारी बाजूंनी सोनेरी नक्षीची झालर लागली. बायका कौतुकानं म्हणाल्या, अगदी पैठणीचा काठ! बोंबलाला एवढा मान त्याच्या सात पिढ्यांत मिळाला नसेल. स्कॅनरला वास मात्र राहिला, आणि बाजारातली एक मांजर रोज येऊन त्याच्या झाकणावर बसू लागली. साडूभाऊंनी तिला हाकललं नाही. तिच्या पंजाचा ब्रश केला.

माझ्या मिशीचंही तेच झालं. त्या काळी माझी मिशी चारचौघांत उठून दिसायची. एका दुपारी चहा पाजून साडूभाऊ म्हणाले, "मास्तर, जरा वाका." मी वाकलो. पुढच्या क्षणी माझं तोंड काचेवर दाबलेलं, झाकण कानावर टेकलेलं, आणि वरून हुकूम, "श्वास रोखा, काच धुरकट होते." डोळ्यांवरून एक उजेडाची रेघ सरकत गेली आणि त्या दिवसापासून माझी मिशी माझी राहिली नाही. टेमघरला आमच्याच गल्लीत वाढदिवसाच्या बॅनरवर ती एका कोवळ्या पोराच्या ओठावर दिसली. जत्रेच्या बॅनरवर ती एकाच वेळी तिघा स्वागतोत्सुकांना फुटली होती. पुढे पालिकेच्या निवडणुकीला ती एका अपक्षानं लावली आणि डिपॉझिट घालवलं. बायको म्हणाली, "बघा, एवढी मिरवता, लोकांनी मत तरी दिलं का?" मी दुसऱ्या दिवशी मिशी कापून टाकली. साडूभाऊंना काही फरक पडला नाही, त्यांच्याकडे कॉपी होती.

पण त्यांना खरी कीर्ती दिली ती सोन्याच्या साखळीच्या ब्रशानं. शेतांवर गोदामं उभी राहिली, जमिनींना भाव आला आणि आमच्या लोकांच्या गळ्यात सोनं आलं. ज्यांच्या गळ्यात आलं नाही, त्यांच्या बॅनरवर ते साडूभाऊंनी आणलं. इकडून माउस दाबायचा, छातीवरून झोकात ओढायचा, तिकडे सोडायचा. एका लग्नात नवरदेवाच्या गळ्यात बॅनरवर पाच साखळ्या आणि मांडवात दोनच निघाल्या. नवरीच्या आत्यानं बॅनरखाली उभं राहून बोटानं मोजल्या, मग मांडवात येऊन मोजल्या, आणि लग्न थांबवलं. साडूभाऊ जेवणाच्या पंगतीत होते, त्यांना उष्ट्या हातानं उभं केलं. ते म्हणाले, "आत्याबाय, तुमी फोटूशी लगीन लावताव का पोऱ्याशी?" मांडव हसला, अक्षता पडल्या. आणि पुढच्या महिन्यात त्याच आत्याबाई स्टुडिओत आल्या, पुतण्याच्या बॅनरसाठी. "ती साखली मारता ना तुमी," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "ती जरा जाड मारा."

बसता-उठता साडूभाऊ ब्रशाच्याच भाषेत बोलायचे. ब्रशाचा रंग गडद पडावा की फिका, हे ठरवायला त्या सॉफ्टवेअरमध्ये ओपॅसिटी नावाची सोय असते. साडूभाऊ माणसंही तिच्यावरच तोलायचे. शब्द न पाळणाऱ्याबद्दल म्हणायचे, "तो मानूस वीस टक्केच हाय, त्याच्या आरपार दिसतं." चुकलेला फटका मागे घ्यायची जी बटणं असतात, ती दाबायची तर त्यांच्या डाव्या हाताला इतकी सवय झाली होती, की चहा सांडला, तोल गेला, ताईंच्या माहेराबद्दल तोंडातून भलतंच निघालं, की डाव्या हाताची बोटं आपोआप हवेत चिमटा घ्यायची. ताई मला म्हणायच्या, "बोटं हलली की समजायचं, यांना चूक कळली. तोंडानं कबूल करायचे नाहीत." चेहरे गुळगुळीत करण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शाळकरी पोरगं असो की पेन्शनीतला म्हातारा, स्टुडिओतून बाहेर पडताना सगळ्यांचे गाल एकाच साबणानं धुतल्यासारखे. सुरकुती म्हणजे त्यांना कचरा वाटायची. म्हणूनच पुढचा प्रसंग घडला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो.

एका रविवारी मी स्टुडिओत बसलो असताना खारबावकडची एक बाई तिच्या दोन भावांना घेऊन वर आली. तिची आई नुकतीच वारली होती, तेरावं तोंडावर आलं होतं आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता. म्हातारी कॅमेरा दिसला की पळायची. मतदार कार्डाचे फोटो काढायला माणसं गावात आली, तेव्हा ती कोलंबी धरायला खाडीवर निघून गेली होती. कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोत ती सापडली, पण तिथेही पाठमोरी. दिसत होता फक्त पदर आणि एक कान. "फोटूच्या जागी पाटावर नारल ठेवू, बोलतान हे दोघं," बाई भावांकडे न बघता म्हणाली. "माजी आयस नारल हाय काय? मना तिचा तोंड पायजे. आताच डोले मिटले तरी नीट दिसत न्हाय, वरसानं कं उरंल?" आणि ती रडायला लागली.

आता यातून साडूभाऊ मांजराचा पंजा काढतात की माझी मिशी, या काळजीत मी होतो. त्यांनी तो कान मोठा करून पडद्यावर घेतला, दोघा भावांना आणि बहिणीला समोर बसवून फोटो काढले आणि विचारलं, "आईवर कोनाचं काय गेलंय, सांगा." इथे खरी पंचाईत. जमिनीच्या वाटणीपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला बहिणीला म्हणे, "याला सांग, माजं नाक आयसचं हाय." धाकटा म्हणे, "त्याला सांग, त्याचं नाक बापसाचं हाय." साडूभाऊ निमूटपणे एकदा हे नाक लावत, एकदा ते. डोळे बहिणीचे घेतले, कपाळ धाकट्याचं. केसांसाठी त्यांनी कापसाच्या तंतूंचा ब्रश काढला आणि हलक्या हातानं पदराखालून पांढऱ्या बटा ओढल्या. मग सुरकुत्या आल्या. आयुष्यभर सुरकुत्या पुसलेला हा माणूस आता त्या घालायला बसला. उन्हाळ्यात खाडीकाठच्या शेतातली माती तडकते, तिचा एक ब्रश त्यांच्याकडे होता. तो अगदी फिका करून ते गालांवर ठसा उमटवत गेले, आणि हळूहळू पडद्यावर एक म्हातारी बघायला लागली.

तसे भाऊ खुर्च्या सोडून पडद्याशी आले. "डावा डोला जरा बारीक होता," धाकटा म्हणाला. "बारीक नवता रं, ती हसताना मिटायची तो," थोरला म्हणाला. "हां, तसाच," धाकटा म्हणाला. बोलून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की मध्ये 'याला सांग' राहून गेलं. कुणीच काही दाखवलं नाही. पुढे तासभर दोघे भुवयांवरून असे भांडले की खालचे लूमवाले वर येऊन बघून गेले.

सगळं जमल्यावर थोरला म्हणाला, "आता गल्यान सोना टाक चांगला. लोक कं बोलतील?" साडूभाऊंचा हात सवयीनं साखळीच्या ब्रशाकडे गेलाच होता. बाई म्हणाली, "न्हाय. तिच्या गल्यान कवा होता सोना? जो होता तो माज्या लग्नात माज्या गल्यान घातला तिनं. सोना टाकलास तं मना ती वलखायची न्हाय." साडूभाऊंनी माउसवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. भिवंडीत ऐन हाताशी आलेली साखळी त्यांनी सोडून दिल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

बाई पडद्याशी वाकली. मग तिनं विचारलं, "ही हनवटी कोनाची?" थोरल्याला दाढी होती, धाकट्याला दुहेरी हनुवटी, आणि तिची स्वतःची बापावर गेलेली. साडूभाऊंची बोटं हवेत हलली. "कोनाची जमंना," ते म्हणाले, "म्हनून माजी लावली. नको असंल तर काढतो."

"राहू दे. बरी दिसते," ती म्हणाली. "तुजी आयस हाय?"

"मी पालन्यात होतो तवाच गेली. फोटू न्हाय. तिला बघितलेलंबी कोन उरलं न्हाय. नाक चुकलं तर चुकलं म्हनून सांगनारा पायजे ना."

बाईनं डोळे पुसले. "मग हनवटीपुरती तुजीबी झाली की ही. आमच्याबरोबर तुज्यासाठीबी एक कापी काढ."

साडूभाऊंनी कॉपी काढली. त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवेना. फोटो त्यांनी स्टुडिओत लावला नाही, घरी नेऊन देवघराशेजारी टांगला. ताईंनी आधी डोकं धरलं. "एवढी वर्षं सासूविना सुखात काढली, आणि या माणसानं कॉम्प्युटरवर सासू तयार केली!" म्हणून त्या आठवडाभर माझ्या बायकोकडे कुरकुरत होत्या. पुढे त्या फोटोला हार घालू लागल्या. मग सणाला तिच्यापुढे पहिलं ताट ठेवू लागल्या, तेही डोक्यावरचा पदर सावरून.

परवा दिवाळीला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. साडूभाऊ आता थकलेत. जेवून आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला होता, मान जरा वर, तोंड किंचित उघडं. ताई फोटोवरची धूळ पदरानं पुसत होत्या. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि मला हळूच म्हणाल्या, "हनुवटी बघा हो. अगदी सारखी आहे ना?"

"हो ना," मी म्हटलं. "साडूभाऊ आईवर गेलेत."