काकांच्या क्वार्टरचा पत्ता

गेल्या महिन्यात नवं ड्रायव्हिंग लायसन्स पोस्टाने आलं. त्यावर गुरुग्रामचा, माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा पत्ता. ते आणि जुनं, दोन्ही घेऊन मी तडक काकांकडे गेलो.

काका म्हणजे मावशीचे यजमान. केंद्र सरकारच्या नोकरीत होते, दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ क्वार्टर होतं. वीस वर्षांपूर्वी मी पुण्याहून दिल्लीला आलो तेव्हा घरमालक भाडेकरार करून देईना, आणि रहिवासाच्या पुराव्याशिवाय लायसन्स मिळेना. दर रविवारी जेवायला मावशीकडेच असायचो. काकांना विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्यांच्या क्वार्टरचा भाडेकरार टाइप करून घेतला आणि त्यांची सही मीच ठोकली. सरकारी क्वार्टर भाड्याने देता येत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पडताळणीला माणूस आला तेव्हा घरी कुणी नव्हतं. "यहाँ किरायेदार रहता है?" त्याने गेटवर विचारलं. चौकीदाराने मला दर रविवारी पाहिलेलं, हो म्हणाला. मला लायसन्स मिळालं. बातमी फिरत फिरत काकांच्या ऑफिसात पोचली आणि काकांना नोटीस आली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चौकशीतून काही निघालं नाही, पण चुगली शेजाऱ्यानेच केली असं काकांनी ठरवून टाकलं. रोज पहाटे दोघं रिजवर, जवळच्या टेकडीवरच्या जंगलात, फिरायला जायचे. ते बंद झालं, बोलणंही बंद.

मी तेव्हा त्यांच्याच घरी जेवत होतो. "असतात अशी माणसं," असं म्हणालोसुद्धा.

हे सगळं सांगून झालं. काकांनी दोन्ही कार्डं डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"माझी सही जमली होती का?"

"नाही."

"गाढवा."

"दोघंही गाढव," मावशी आतून म्हणाली. "तो माणूस तसा नाही, हे मी तेव्हापासून सांगतेय. माझं ऐकतंय कोण!"

काकांनी फोन लावला. "हाँ जी, मैं. पुराना पड़ोसी. घर पर हो? आ रहा हूँ... नहीं यार, फोन पर नहीं." मग माझ्याकडे वळले. "गाडी काढ. या वेळचं लायसन्स तरी खरं आहे ना?"

शेजारी आता नोएडाला राहायचा. शेजाऱ्याच्या दारात त्यांनी मला पुढे ढकललं.

"चलो. आधी तू."

मी बेल दाबली.