काडी अक्काकडे वळली

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडतात. त्या शपथेवर सांगणारी माणसं आवडत नाहीत. मी सगळी नोकरी कॉलेजात इतिहास शिकवण्यात घालवली. पुरावा नसलेला एकही चमत्कार वर्गात येऊ दिला नाही. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय… पण जे झालं ते माझ्याच हातात झालं, अक्षरशः.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगरला नुकताच नोकरीला लागलो होतो, केडगावात खोली घेऊन राहायचो. माझी थोरली बहीण, अक्का, पारनेर तालुक्यातल्या एका वाडीत दिलेली. त्या वर्षी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन करून ती बाजू काढली. जखम भरली की इंजेक्शनांचा कोर्स द्यायचा, असं ठरलं. 'केमोथेरपी' हा शब्द आमच्यापर्यंत पोचायचा होता. आम्ही नुसतं 'ती इंजेक्शनं' म्हणायचो.

पण इंजेक्शनांसाठी गेलो तेव्हा अक्काला धाप लागत होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं.

"हृदय कमजोर वाटतंय. हे औषध कडक असतं, अशा हृदयाला झेपायचं नाही. महिनाभर विश्रांती द्या. धाप कमी झाली तर बघू. नाही झाली तर… औषधाचा विचार सोडावा लागेल."

औषध नाही म्हणजे पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. 

महिना सरत आला आणि धाप वाढतच गेली. अक्काला परत मुंबईला न्यायला मी वाडीवर गेलो, तर दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पाणाड्या बोलावलेला. जमिनीखालचं पाणी काडीने शोधणारा. जुनी विहीर आटली होती; नवी कुठे खणायची ते त्याने सांगायचं.

दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले होते, पाणाड्यांचा सोडून. आमच्या पाणाड्याला सगळे तात्या म्हणत; त्यांना गुलाबी फेटा होता आणि कोटाच्या खिशात मंत्र्यांबरोबरचा फोटो. फोटोत मंत्री पूर्ण होते, तात्या अर्धे. स्वतःविषयी बोलताना ते दुसऱ्याच कुणा थोर माणसाविषयी बोलल्यासारखे बोलायचे. "तात्याची काडी खोटं बोलत न्हाई!"

आम्हा सगळ्यांना चपला काढायला लावून तात्या रानात फिरू लागले. हातात कडुनिंबाची काडी, बेचकीच्या आकाराची. दोन टोकं दोन मुठींत, शेंडा समोर. जागा सापडली की पूजा घरच्या बाईने करायची, म्हणून अक्का हळदीकुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर उभी होती. तात्या तिच्याजवळ आले आणि काडी खाली गेली.

"हितंच!" तात्या गरजले.

अक्का बाजूला झाली. काडी वर आली. अक्का जिथे जाऊन उभी राहिली, तिथे पुन्हा खाली.

"तांब्यातलं पाणी सापडलं वाटतं," मी म्हणालो.

"तांब्या लांब ठिवा!"

तांब्या लांब ठेवला. काडी तरी अक्काकडेच. तात्या वैतागले. "वैनी, अंगावर काय लोखंड-बिखंड हाय का?"

"अंगावरचं हुतं ते मुंबईला काढून ठिवलंय, तात्या," अक्का म्हणाली. दाजींनी मान खाली घातली.

"मग तुमी घरी जावा. तुमच्यामुळं काडी बिथरलीया."

मला राग आला. "आणा ती इकडे."

"प्रोफेसर, ह्यो खडू न्हाई."

"घिऊ द्या की पाव्हन्याला," दाजी म्हणाले. "पुस्तकात न्हाई ते बी बघू द्या."

मी काडी धरली. दाजींसमोर गेलो, काही नाही. तात्यांसमोर काही नाही. "इथे तर थेंबसुद्धा नाही," मी म्हणालो, आणि दाजी किती दिवसांनी हसले. मग अक्कासमोर. उजवीकडे, ऑपरेशन झालेल्या बाजूला, काडी हलली नाही. डावीकडे बरगड्यांच्या खालच्या अंगाला आली… आणि वळली. मी मुठी आवळून धरल्या होत्या. ती मुठींच्या आत वळली. साल सोलून माझ्या तळहातांना चिकटली. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"आता काय माझ्यात हीर खंदता व्हय रं?" अक्का हसली, आणि हसता हसता धाप लागून खाली बसली. तात्यांनी पलीकडे एका जागी दगड रोवला आणि निघून गेले.

मुंबईपर्यंत मी स्वतःशी भांडत गेलो. डॉक्टरांनी अक्काकडे पाहिलं आणि मान हलवली. "धाप वाढलीय. आता औषध…"

"छातीत पाणी तर नसेल?" मी म्हणालो. "डाव्या बाजूला?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. इतिहास शिकवतो."

"मग हे कुणी सांगितलं?"

कडुनिंबाने, असं म्हणायचं धैर्य झालं नाही. "गावाकडे एकाला झालं होतं," मी ठोकून दिलं.

त्यांनी तिच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. मग पुन्हा ठोकून पाहिलं. एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी होतं. सुईने ते काढलं तेव्हा बरणी भरली, आणि अक्का बसल्या जागी झोपून गेली.

"हृदय ठीक आहे," डॉक्टर नंतर म्हणाले. "धाप या पाण्याची होती. इंजेक्शनं देता येतील." मग आवाज उतरला. "पण पाण्यात रोगाच्याच पेशी आहेत. पसरलाय."

दोन्ही बातम्या एकाच दमात. कुठल्या बातमीला काय तोंड करायचं, ते मला आजही कळलेलं नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. आदल्या खेपेला ते पाणी कळण्याइतकं नसेलही.

इंजेक्शनं झाली. केस गेले, उलट्यांनी ती पिळून निघाली. "तात्याला म्हनावं, आता लाव काडी. समदं पानी भाईर आलंय." थोरल्या लेकीचं लग्न तिने उभं राहून लावलं. त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

आणि तात्यांच्या दगडाखाली? खडक. दाजींनी सुरुंग लावून पाहिले. ओल म्हणून लागली नाही.

स्पष्टीकरणं मी सगळी वाचली आहेत. हात नकळत हलतात. छातीत पाणी झालेला माणूस त्याच कुशीवर निजतो म्हणे; अक्का तेव्हा डाव्या कुशीवर निजायची, ते माझ्या नजरेने टिपलं असेल. मान्य. पण तात्यांनी तर तिला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं. आणि माझ्या हातांना एवढं ठाऊक होतं, तर ते महिनाभर गप्प का बसले? 

हल्ली माझी बायको जिना चढताना मध्येच थांबते. डॉक्टरकडे नेलं, रिपोर्ट चांगले आले. आमच्या दारात कडुनिंब आहे, फांदी गॅलरीतून हाताला लागते. मी तिकडचं दार बंद ठेवतो.