उजव्या हाताने दिलेलं ब्लाउजपीस

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. आपल्याकडे त्याला लकवा म्हणतात. माझं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात परक्याचा असावा तसा मांडीवर पडलेला. मला मात्र एकच घोर लागला, आता कापड कोण मोजणार?

खांडबाऱ्यात आमचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनची गादी. गिऱ्हाइकाला डाव्या हाताने काही द्यायचं नाही, हा घरचा नियम. उजवा गेला म्हणजे माझ्यापुरतं दुकान संपलंच.

घरी आल्यावर नुसते लाड. माझी बायको विमला घास भरवायची. पाहुणे "आराम करा" सांगून चहा पिऊन जायचे. हात आणखी आखडला. आमच्यासारख्या घरांत हीच चूक होते. आजाऱ्याला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत आणि त्याला सेवा म्हणतात.

शेवटी नंदुरबारच्या फिजिओथेरपी कॉलेजात गेलो. तिथे रिहॅबिलिटेशनवर, म्हणजे शरीराचं गेलेलं काम परत मिळवण्यावर, संशोधन चालू होतं. रोजच्या कामातूनच सराव केला तर हात जास्त सुधारतो का, हे त्यांना पाहायचं होतं. आमचा नियम ऐकून ते काम पाहणाऱ्या अश्विनी मॅडम हसल्या. "काका, तुमच्या नियमानेच उपचार करू. चांगला हात अडकवून ठेवायचा, दुसऱ्याला राबवायचं."

डावा हात जाड हातमोज्यात गेला आणि मी गादीवर बसलो. कापड मोजायचा गज हातातून सारखा निसटायचा. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "शेठ, दम धरीसन मोजा, आम्हले घाई नही शे." त्यांचे उपकार कसे फेडू?

बोटं जरा हलू लागली तोच कळलं, मॅडम पुण्याला चालल्या. माझं धाबंच दणाणलं. त्या गेल्या की काम बंद, आणि हात आहे तिथेच.

पण विभागप्रमुखांनी नव्या रोशनी मॅडमना आधीच कामात घेतलं होतं. प्रमुखांसोबत दोघी एकत्र दुकानात आल्या. माझा हात दोघींनी वेगवेगळा तपासून हालचालीला गुण दिले आणि दोघींचे गुण जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासला. मी वैतागलो. प्रमुख म्हणाले, "अभ्यास विभागाचा आहे, कुणा एकाचा नाही. माणसं बदलतील, तुमची तपासणी बदलता कामा नये." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

निरोपाच्या दिवशी अश्विनी मॅडमसाठी ब्लाउजपीस फाडायला घेतलं. जमेना. डाव्याने द्यायला मन धजेना. त्या म्हणाल्या, "राहू द्या काका. उजव्याने द्याल तेव्हा घेईन."

रोशनी मॅडम नवापूरकडच्या. त्यांनीही तोच हातमोजा, तोच गज, तोच सराव चालू ठेवला. अजून तपासायला येतात. कळसाडी गावच्या, लकवा झालेल्या एका बाईंकडून त्या आता सराव म्हणून भाकरी थापून घेतात.

तुमच्या घरी कुणाला लकवा झाला, तर डॉक्टरांनी हो म्हटलं की घास भरवू नका. ताट पुढे ठेवा आणि थांबा.

परवा रोशनी मॅडम आल्या तेव्हा मी ब्लाउजपीस मोजलं, दोन्ही हातांनी ताणून फाडलं. आवाज ऐकून विमला आतून धावत आली. उजव्या हाताने ते मॅडमपुढे धरलं. पीस पडलं नाही.

"पुण्याला पाठवते," त्या म्हणाल्या.

"हे तुमचं," मी म्हणालो. "त्यांचं सकाळीच फाडून ठेवलंय."