उलट्या काचेचे आकडे

माझा स्वभाव मूळचा उतावळा. आई म्हणायची, हिला दम कसला तो नाही, भात शिजेपर्यंत चारदा झाकण काढते. अशा मुलीला सासर मिळालं समुद्रकाठच्या थळचं, आणि सासरे मिळाले ताऱ्यांच्या जागा मोजणारे.

मामंजी दक्षिणेतल्या एका वेधशाळेत हयात घालवून गावी परतले होते. तिथल्या मोठ्या दुर्बिणीने काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो पेटीतून आमच्याकडे येत. तारे म्हणजे काळे ठिपके. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक होता. त्यातली बारीक तार ठिपक्याच्या मधोमध आणायची आणि बाजूचा आकडा लिहायचा. मामंजींना काचबिंदू झाला होता, नजर दर महिन्याला कमी होत होती. नवरा नोकरीला मुंबईत, मी मॅट्रिक झालेली, म्हणून त्यांनी मला शिकवलं. ही पेटी आपल्या डोळ्यांदेखत पुरी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

नियम असा, की सुलट मोजलेली काच आठ दिवसांनी उलटी फिरवून पुन्हा मोजायची. डोळा एका बाजूला झुकत असेल तर ती चूक अशाने कटते. आठ दिवस कशाला, तर पहिला आकडा विसरला पाहिजे.

मला कुठला आठ दिवसांचा धीर! त्याच दुपारी मी काच फिरवायची आणि तारीख पुढची घालायची. त्यात वडिलांनी लहानपणी पावकी-निमकी घोकून घेतलेली. उलट आकडा किती यायला हवा, ते तार हलवण्याआधीच डोक्यात तयार असायचं आणि हात बरोबर तिथेच थांबायचा. पहिला महिनाभर मला हे कळलंही नाही. पुढे कळलं, तरी मी थांबले नाही.

तीन महिन्यांनी मामंजींनी भिंग लावून सुलट-उलट दोन्ही रकाने पाहिले.

"सूनबाई, माझे आकडे तीस वर्षांत असे जुळले नाहीत."

मग येईल त्याला तेच सांगणं. मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीलाही म्हणाले, "आमची सून माझ्याही वरताण आहे."

"व्हय? मंग म्हावरा कोन साफ करतं?" ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

सोमवारच्या टपालाने आकड्यांचे कागद वेधशाळेकडे जाणार होते. दोन दिवस मी आत-बाहेर करत होते. रविवारी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामंजी, उलटे आकडे खोटे आहेत. मी आठ दिवस थांबले नाही."

"किती काचांचे?"

"सगळ्या."

त्यांनी रागवायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा मोज." त्या दोन शब्दांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या वेळी सुलट मोजणीचे कागद त्यांनी मला दिसू नयेत म्हणून कपाटात कुलपात ठेवले. ते आठ-आठ दिवस मी वाळूत येरझाऱ्या घालून काढले. आणखी तीन महिन्यांनी शेवटची काच झाली तेव्हा मामंजींना खिडकीतला उजेड तेवढा कळत होता. मी दोन्ही रकाने वाचून दाखवले. कुठे दोनाचा फरक, कुठे तिनाचा. माझा आवाज पडत गेला.

"हे मोजलेले आहेत," ते म्हणाले. "पाठव. सही कुठे करू?"

मी त्यांचं बोट धरून कागदावर त्या जागी ठेवलं. तीन महिन्यांपूर्वी ती जागा त्यांना दिसली असती.