कोरड्या हाताची कापणी

शिवा आमच्या वाडीत आला तो मथुराचा नवरा म्हणून, आणि राहिला तो घरजावई म्हणून. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला गडी धामापूरच्या वाटेवरच्या आमच्या पाणथळात काय करणार, असं कुणी विचारायच्या आत त्याने उत्तर तयार ठेवलं होतं.

"मोरयेच्या तोंडातसून जाळा सोडवलंय मी. हयसर जरा इसावो घेवक इलंय."

मोरी, म्हणजे शार्क मासा, आमच्यात कुणी पाहिली नव्हती, पण आम्ही विश्वास ठेवला. न ठेवून करमणूक कशी व्हायची? खरं कारण शिवाच्या पोटात होतं, आणि होडीत बसला की ते बाहेर यायचं. ओकऱ्या काढणारा मुलगा बापाने मोठ्या आनंदाने मथुराची आई गोदूबाई हिच्या घरी धाडला होता.

सत्तावन-अठ्ठावन सालातली ही गोष्ट. वाडी तेव्हा लव्हाळ्यावर जगायची. पाणथळात घरटी एक पट्टा. दिवाळी झाली की पुरुषांनी कापायचा, वाळवायचा, आणि बायकांनी त्याच्या हातऱ्या, म्हणजे चटया, विणायच्या. पूर्वी सगळे वरवर कापत. पुढे बाजारात लांब हातरीला गिऱ्हाईक आलं आणि आम्हाला हाव सुटली. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून बुडातून लव्हाळा कापू लागलो. वीतभर जास्त मिळाला की जग जिंकल्यासारखे घरी जायचो.

एकटा शिवा पाण्याच्या वर कोयती चालवायचा. सदऱ्याची बाही कोरडी, पायाला जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या. मथुराच्या हातऱ्या त्यामुळे इतक्या आखूड की निजणाऱ्याचे पाय भुईवर. त्या फक्त वाडीतली ख्रिस्ती कोन्सेसांवबाई घ्यायची, घरात प्रार्थनेला गुडघे टेकायला.

"माका गुडघ्यांपुरतीच होयी," ती म्हणायची. "पाय नवऱ्याचे लांब आसत, ते तो सांभाळतलो."

वाडीने विचारलं तर शिवा मान वेळावून सांगायचा, "दर्यात हात घालून घालून कंटाळलंय." खरी गोष्ट बायकोलाही ठाऊक नव्हती. मोरीशी झुंजलेला हा माणूस जळवांना भ्यायचा. त्या पाण्यात जळवा भरपूर. कापणीभर त्याचा एक डोळा कोयतीवर आणि दुसरा पाण्यात असायचा.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि पाणथळ टकलासारखं उघडं पडलं. सगळ्यांच्या पट्ट्यांत चार काड्या, आणि शिवाच्या पट्ट्यात म्हैस लपेल एवढा दाट लव्हाळा. मग काय, वाडीची अक्कल धावली. हा आमचे गड्डे उपटून आपल्याकडे लावतो, असं ठरलं. कुणी म्हणालं, दर्यावरचा काही मंत्र आहे. मानकरी परशुराम म्हणाला, "देवाक कौल लावया. डावो पडलो तर पट्टो काढून घेवया."

शिवाने मनात हिशेब मांडला. पट्टा गेला तर गोदूबाईच्या घरात चूल कशी पेटणार, आणि पट्टा घालवलेल्या घरजावयाला त्या घरात बसायला आखूड हातरी तरी कोण देणार? कौलाची पाकळी, मूर्तीवरून उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार, काही त्याच्या ओळखीची नव्हती. देवळात परशुराम गाऱ्हाणं घालायला उभा राहणार, तेवढ्यात शिवाच पुढे झाला आणि हात जोडून ओरडला,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले.

"हयसर उभो आसा तो गोदूबायचो घरजावंय शिवा. तेना मोरयेची गजाल सांगितल्यान, ती सगळी झूट!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेत बसलो की तेचा प्वाट उलाटता!"

"व्हय म्हाराजा!" यात मथुराचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आणि तो पाण्यात हात घालणा नाय, कारण जळू बघली की तेची बोबडी वळता!"

यावर कुणी होकार भरला नाही.

"खोटा!" परशुराम गरजला. "किनाऱ्यावरचो माणूस जळवेक भियात? पट्टो वाचवूक कायपण सांगतंस!"

शिवा रडकुंडीला आला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, तर तेच कुणाला पटेना.

"काकानू, जळवांवर नजर ठेवून ठेवून माका पाण्यातला सगळा दिसला. तुमचे खुंट बुडाले ते कुसले. माझे पाण्याच्या वर रवले ते फुटले. अक्कल माझी नाय, जळवांची. तुमीच हात घालून बघा."

सगळी वाडी पाणथळावर गेली. परशुरामाने आपल्या पट्ट्यात हात घातला. खुंट बोटात चिखलासारखे विरघळले. शिवाच्या पट्ट्यात घातला, तर टणक. काही बोलावं म्हणून त्याने हात वर काढला, आणि मनगटावर एक जाडजूड जळू लोंबत होती.

शिवाने जी किंकाळी फोडली, ती पलीकडच्या वाडीत ऐकू गेली. मागे उडी मारली तो थेट सासूच्या अंगावर. गोदूबाई खाली, जावई वर.

"उठा जावयांनू!" ती खालून म्हणाली. "पट्टो तुमचोच. असला सोंग कोणाक जमाचा नाय."

परशुराम हसून हसून बांधावर बसला. कौल कुणी लावलाच नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी पाण्याच्या वर वीतभर सोडून कापायचं ठरवलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावचा एक पाहुणा कापणी बघायला थांबला. आम्ही गुडघाभर पाण्यात ओळीने उभे, सगळ्यांच्या बाह्या कोरड्या.

"काय ओ," त्याने विचारलं, "तुमी सगळे जळवांक भितास?"

परशुरामाने कोयती थांबवली. मिशीला पीळ दिला.

"भितंव," तो म्हणाला, आणि पुढचा लव्हाळा हातात धरला.