परमुलखातल्या बाई

सबंध हिंदुस्थान इंग्रजांशी भांडत होता, तेव्हा सांगली संस्थानाशी एकटीने भांडणारी बाई जगात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या खोलीत राहत होती. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. बाई मराठी शिकवीत आणि गोष्टी लिहीत. मी गणित शिकवीत असे आणि त्या गोष्टी ऐकून घेत असे. त्यांची पहिली गोष्ट मासिकात छापून आली आणि तिच्यातल्या भांडखोर बाईत त्यांच्या सख्ख्या मावशीने स्वतःला ओळखलं. सांगलीच्या घरात रामायण झालं. दुसरी कोणी असती तर मावशीशी अबोला धरून मोकळी झाली असती. बाईंनी तो सबंध संस्थानाशी धरला! ‘बोलावणं आल्याशिवाय या मुलखात पाऊल टाकणार नाही,’ असं बजावून त्या निघाल्या त्या थेट साताऱ्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत परमुलखात. बोलावणं मावशीने धाडायचं की दरबाराने, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

साताऱ्याचं त्यांना काही मानवत नसे. इथली डाळ शिजत नाही, इथल्या वांग्यांना चव नाही, आणि माणसं काय, ‘खालसातली’, म्हणजे थेट इंग्रजी अमलातली, ना राजा ना रीत. बरं, सांगलीचं कौतुक करतील तर तेही नाही. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत तिथली एकेक आळी सोलून निघे. तेवढ्यावर विसंबून मी एकदा म्हटलं, “तुमच्याकडे डास फार, नाही?” बाईंनी लेखणी खाली ठेवली. “आमच्या डासांना आम्ही नावं ठेवू. तुम्ही कोण?” मला हा हक्काचा राग कधी कळलाच नाही. मी लोणंदची. आमच्याकडे माणसं येतात ती बाजाराला, नाहीतर गाडी पकडायला. गावावर रुसायचं तर गावाला ते कळायला तरी हवं! मी लोणंद सोडलं तेव्हा शेजारीण “येताना सुया आण गं” एवढंच म्हणाली.

रविवारी आम्ही माहुलीला कृष्णेवर जात असू. तिथे एक म्हातारा शेतकरी म्हैस धुताना दिसला, तशा बाई पदर खोचून पुढे झाल्या. “अहो, हे पाणी पुढे सांगलीला जातं! लोक पितात तिथे!”

म्हातारा म्हशीची पाठ घाशीतच म्हणाला, “आवं बाई, म्हस धुयाला आता सांगलीच्या राजाला इचारू व्हय? आन् तितली एवडी काळजी हाय, तर मग हितं काय करताय?”

मी फिदीफिदी हसले. बाई मात्र खोचलेला पदर सोडून तरातरा परतीच्या वाटेला लागल्या.

मग स्वराज्य आलं, पाठोपाठ संस्थानं विलीन झाली. शाळेत पेढे वाटले. मला विनोद सुचला की तो पोटात राहत नाही. “बाई, अभिनंदन! तुमचा परमुलूख संपला. आता आपण एकाच मुलखातल्या!” सगळ्या हसल्या. बाईंनी पेढा तसाच बशीत ठेवला. संध्याकाळी खोलीवर म्हणाल्या, “मी बोलावण्याची वाट बघत होते हो. आता मुलूखच राहिला नाही, तर बोलावणार कोण?” मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. पुढे सांगलीच्या नव्या जिल्ह्याला नाव पडलं तेही ‘दक्षिण सातारा’! ही बातमी त्यांनीच मला दिली आणि पहिल्यांदाच स्वतःवर हसल्या. “ज्याला नावं ठेवली, त्याचंच नाव लागलं बघा.”

त्या दिवाळीत कोणी न बोलावताच त्या सांगलीला गेल्या. परतल्या तेव्हा मी दारातच विचारलं, “मावशी रागावल्या का?”

“छे! ती गोष्ट विसरूनसुद्धा गेली होती. जवळ घेऊन रडली. पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसवलं मला. आग्रह करकरून वाढलं.”

“मग चांगलंच झालं की!” मी म्हटलं. गणिताच्या बाईला कळायचं ते इतपतच.

बाई ट्रंकेतली लुगडी काढत राहिल्या. “घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात हो. उरलंसुरलं वाटून घेत, एकमेकींना हसत. मीही जाऊन टेकले तिथे. तर म्हणाल्या, तुझं झालंय ना गं जेवण, बाहेर बैस जरा वाऱ्याला.”

त्यानंतरच्या बाईंच्या गोष्टींत सांगलीविषयी एकही वाकडा शब्द नाही. लोकांना त्या फार आवडतात. मला मात्र वाचताना ‘आमच्या डासांना आम्ही नावं ठेवू’ हे आठवून गलबलून येतं.